सुमनताईंचं ओसाका

इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातून ओसाकाला जाणाऱ्या प्रत्येकाला तिकीट हाती पडण्याआधी सुमनताईंसमोर पंधरा मिनिटं बसावं लागे. कंपनीचं मुख्य ऑफिस ओसाकात होतं, त्यामुळे दर पंधरवड्याला कुणी ना कुणी निघालेलं असायचंच. तळमजल्यावर, पोस्टरूमला लागून, ट्रॅव्हल डेस्क होतं. तिथे सुमन गजभिये बसायच्या. नागपूरच्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, नेव्ही ब्लू ट्राउझर-सूट घालणाऱ्या. चौदा एप्रिलला मात्र पांढरीशुभ्र साडी नेसून यायच्या आणि कँटीनमध्ये सगळ्यांना केक वाटायच्या. कुणाचा बर्थडे, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ज्यांच्यामुळे मी या खुर्चीत बसलेय, त्यांचा." ऑफिसातल्या इंग्रजांनी त्यांचं 'सू' करायचा प्रयत्न केला होता. त्यांनी प्रत्येकाला तीनदा 'सुमन' म्हणायला लावलं, चौथ्यांदा कुणी चुकलं नाही.

तिकीट, हॉटेल, एअरपोर्टवरून बस, हे सगळं त्या पाच मिनिटांत उरकायच्या. मग पेन खाली ठेवून विचारायच्या, "आणि संध्याकाळी कुठे जाणार?"

"बघू, तिथे गेल्यावर."

"बघू म्हणणारा माणूस हॉटेलच्या बारमध्ये शेंगदाणे खात बसतो," त्या म्हणायच्या. हे वाक्य त्या अर्थातच इंग्रजीत म्हणत, पण इतकं नागपुरी इंग्रजी मी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही. "बार चुकला तर एक ग्लास वाया जातो. वस्ती चुकली तर अख्खी संध्याकाळ. वस्ती आधी ठरवा."

त्यांच्याकडे बुटांच्या दोन खोक्यांमध्ये इंडेक्स कार्डं होती. ओसाकाहून परतलेल्या प्रत्येकाची त्या उलटतपासणी घ्यायच्या. कुठे गेलात, कुणाबरोबर, स्टेशनातून बाहेर पडल्यावर उजवीकडे की डावीकडे, जिना होता का, काउंटरवर बसलात की टेबलाला, शेजारचा माणूस बोलला का, शेवटची ट्रेन मिळाली का. उत्तरं बारीक अक्षरात कार्डावर. येताना त्या दुकानाची काडेपेटी आणायचीच, असा नियम होता. तेव्हा तिथल्या प्रत्येक बारची स्वतःची काडेपेटी असे. ती कार्डाला स्टेपल केली जाई. त्या काडेपेट्या बघून बघून सुमनताईंना कितीतरी जपानी अक्षरं ओळखू यायला लागली होती. वाचता येत नव्हती, पण चेहरा ओळखावा तशी ओळखायच्या.

मी अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसले. सत्तावीस वर्षांची होते, लग्नाला वर्ष झालेलं, आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी नऊ दिवस एकटीने ओसाकाला जायचं होतं. पुण्याहून आईचा फोन येऊन गेला होता: कामाव्यतिरिक्त हॉटेलबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"मी रूमवरच जेवीन," मी म्हटलं.

"नऊ दिवस?"

"हो."

"नऊ संध्याकाळी खोलीत? तुला काय शिक्षा झालीय का, मीनल?"

मग त्यांनी कोऱ्या कागदावर एक उभी रेघ ओढली. "हे ओसाका. वर किता, खाली मिनामी. किता म्हणजे टाय लावलेली संध्याकाळ. मिनामी म्हणजे टाय काढून खिशात घातलेली. कितात तुला कंपनीचे लोक नेतीलच, ते टळत नाही. मिनामीत दिवे, गर्दी, कालवा, खाणं. तिथे तू तिसऱ्या दिवशी जा. पहिल्या दिवशी तेन्मा." रेघेच्या वरच्या टोकाशी त्यांनी एक फुली मारली. "डोक्यावर छप्पर असलेला लांबच लांब बाजार आहे. पाऊस आला तरी भिजत नाहीस. बायका पिशव्या घेऊन हिंडत असतात. एकट्या बाईने नव्या शहरात पहिल्या संध्याकाळी जिथे बायकांच्या हातात पिशव्या दिसतील तिथे जावं. सरळ चाल, शेवटपर्यंत जा, मग मागे फीर आणि ज्या दुकानाचा वास आवडला होता तिथे बस."

मी तशीच गेले. पहिल्या संध्याकाळी तेन्माच्या त्या बाजारात मी पर्स छातीशी धरून शिरले, आणि अर्ध्या तासाने मी एका काउंटरवर बसून शेजारच्या आजीबाईंनी माझ्या बशीत टाकलेला मुळ्याचा तुकडा खात होते. तिसऱ्या संध्याकाळी मिनामीच्या पुलावर उभी राहिले. समोरच्या इमारतीवर भलामोठा खेकडा पाय हलवत होता, पाण्यात लाल-हिरवे दिवे विरघळत होते, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी संध्याकाळी कुणालाही न सांगता, कुणाचीही वाट न बघता, रस्त्यात उभी होते. नवव्या दिवशी मला परत यायचं नव्हतं.

ब्रॅकनेलला आल्यावर मी धावतच तळमजल्यावर गेले. दोन तास बोलत होते. सुमनताई लिहीत होत्या, मधूनच "मग? मग?" म्हणत होत्या. शेवटी मी विचारलं, "तुमची स्वतःची आवडती वस्ती कुठली?"

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "मी कुठे गेलेय?"

"म्हणजे?"

"ट्रॅव्हल डेस्कला कोण पाठवतं, मीनल? आमचं काम पाठवायचं."

मला ते पचायला आठवडा लागला. सगळ्या ऑफिसाला वाटायचं की या बाईने तिथे निम्मी हयात काढलीय.

त्यांचा अंदाज चुकायचाही. एकाला त्यांनी पाठवलेलं दुकान महिन्यापूर्वीच बंद पडलेलं निघालं, तर त्याच्या घरी संडेला स्वतः भजी तळून नेऊन दिली, माफी म्हणून. पण बहुतेक वेळा नेम बसायचा. गॅरेथ नावाचा एक वेल्श इंजिनियर होता. दर रविवारी चॅपलला, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चला, जाणारा, दारूच्या थेंबाला न शिवणारा आणि ऑफिसात कुणाशी दिवसाला चार वाक्यांहून जास्त न बोलणारा. त्याला नाईटलाइफ या शब्दाचीच लाज वाटायची. सुमनताईंनी त्याला एवढंच विचारलं, "चॅपलमध्ये गातोस का?" गातो म्हणाला. त्यांनी त्याला कितातल्या एका गल्लीचं कार्ड दिलं. तिथे नऊ खुर्च्यांच्या बारमध्ये लोक कामावरून येऊन आळीपाळीने गात बसत. गॅरेथ तिथे सलग चार संध्याकाळी ऑरेंज ज्यूस पीत वेल्शमध्ये भजनं गाऊन आला. बारमालकिणीने त्याचा फोटो भिंतीवर लावला. तो फोटो पुढच्या सगळ्यांनी पाहिला, त्यामुळे खोटं म्हणायची सोय नाही.

हे सगळं त्या एवढ्या हिरिरीने का करतात, ते मला एका रविवारी कळलं. त्या मला त्यांच्या लाल फिएस्टा गाडीतून लेस्टरला घेऊन चालल्या होत्या. तिथे त्यांच्या बौद्ध मंडळींची वंदना असायची, आणि मला तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांतून कढीपत्ता नि ताजी मेथी हवी होती. मोटरवेवर त्या ठाम साठ मैलांच्या वेगाने मधल्या लेनमधून गाडी चालवायच्या, मागून कुणी कितीही दिवे मारोत. मी सहज म्हटलं, "लोक कुठेही गेले तरी मजा करतीलच ना, ताई. एवढं काय?"

त्यांनी मागून दिवे मारणाऱ्या गाडीला पुढे जाऊ दिलं. मग म्हणाल्या, "माझ्या आजोळी दिवस मावळल्यावर वरच्या आळीतून जायचं नाही. ओढ्याकडून जायचं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. मी सहा वर्षांची असताना एकदा विसरले. आईने घरी आल्यावर मला मारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. आम्ही कुठून चालायचं हे दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं, मीनल. म्हणून कुणी मला 'कुठेही चालेल' म्हटलं ना, की मला राग येतो. निवडता येतंय, तर निवडा की!"

माझ्या आजोळी वरची आळी आमची होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनाही माझ्या आडनावावरून ते ठाऊक असणारच. लेस्टरला त्यांनी माझ्यासाठी मेथीच्या जुड्या स्वतः निवडल्या.

नव्वदीच्या सुरुवातीला व्हिटलॉक नावाचे नवे डायरेक्टर आले. उंच, हुशार, खर्च कापायला आलेले. ट्रॅव्हल डेस्क बंद करून काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं त्यांच्या मनात होतं. सुमनताई कधी जपानला गेलेल्याच नाहीत, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं आपण अशा शहराबद्दल सल्ला घेतोय, जे या बाईंनी पाहिलेलंच नाही?" लोक हसले. सुमनताई मीटिंगची मिनिट्स लिहून घेत होत्या. त्यांनी ते वाक्यही मिनिट्समध्ये लिहिलं.

ओसाकाच्या ऑफिसातल्या मोरिता-सानना या गोष्टीचा सुगावा लागला. आमची सगळी व्यवस्था तिकडून तेच बघायचे, आणि आठ वर्षांत सुमनताईंशी त्यांचे शेकडो फॅक्स झाले होते. पंधरा दिवसांत त्यांच्या साहेबांच्या सहीचं आमंत्रण आलं: पुढच्या गटाबरोबर मिसेस गजभिये यांनी यावं, ही विनंती. गटात सहा जण होते. स्वतः व्हिटलॉक, तीन इंग्रज इंजिनियर, मी आणि सुमनताई. निघायच्या आदल्या दिवशी व्हिटलॉक लिफ्टमध्ये म्हणाले, "गुरुवारची संध्याकाळ मोकळी आहे. वस्ती सुमन ठरवेल. बघू या."

विमानात सुमनताईंनी डोळे मिटले नाहीत. एअरपोर्टवरून येताना बसच्या काचेला नाक लावून त्या पुटपुटत होत्या, "आता नदी येईल. आली. आता उजवीकडे मोठं स्टेशन. ते बघ, ते बघ!" त्यांच्या आवाजाने मलाच भरून आलं. स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा त्यांच्यासमोर उठून उभा राहत होता. हॉटेलमध्ये बॅग टाकून त्या लगेच खाली उतरल्या आणि तासभर नुसत्या स्टेशनाबाहेर उभ्या राहून येणारी-जाणारी माणसं बघत होत्या.

गुरुवारी त्यांनी मिनामी निवडलं. मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीत एक दुकान होतं, सहा जणांनी सहा वेगवेगळ्या वर्षी नावाजलेलं. आम्ही सगळे, बरोबर मोरिता-सान, सुमनताईंच्या मागे. त्या जवळजवळ पळत होत्या. दोन वळणं घेतली आणि एका निळ्या पडद्यासमोर थांबल्या. पडद्यावरची अक्षरं त्यांनी काडेपेटीवर इतकी वर्षं पाहिली होती. "हेच!" म्हणत त्यांनी दार सरकवलं.

आत काउंटरमागे एक म्हातारा होता. त्याने सुमनताईंकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांची छातीसमोर फुली केली. "नो. नो."

आम्ही दोघी दारात थिजलो. तेवढ्यात मागून व्हिटलॉक आणि इंजिनियर पुढे आले. म्हाताऱ्याची नजर त्यांच्यावर गेली आणि त्याचे हात हळूहळू खाली आले.

सगळ्यांनी ते पाहिलं. मोरिता-सान घाईने आत जाऊन काही बोलले. म्हातारा कमरेत वाकला, पुन्हा वाकला, हाताने या या म्हणाला. गैरसमज झाला होता, जागा आहे, सगळ्यांनी यावं. मोरिता-सानचे कान लाल झाले होते. आता सगळे सुमनताईंकडे बघत होते.

"थँक यू," त्या म्हणाल्या. "मोरिता-सान, त्यांना सांगा, आमच्या लोकांनी तुमच्या दुकानाचं फार कौतुक केलं होतं. पण आज आम्ही दुसरीकडे जाणार आहोत." आणि त्यांनी दार स्वतःच्या हाताने, आवाज न करता, लावलं.

गल्लीत सुमनताईंनी पर्समधून कार्डांचा गठ्ठा काढला, दोन-तीन चाळली आणि मला मराठीत म्हणाल्या, "माझी कार्डं ज्यांनी भरली ते बहुतेक सगळे गोरे साहेब होते गं. त्यांना दार उघडलं, तेवढंच मला माहीत."

व्हिटलॉक बाजूला उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण चेहरा कळत होता. जपून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सुमन, आता कुठे जायचं?"

त्यांनी कार्डं पर्समध्ये ठेवली. मोरिता-सानकडे वळल्या. "तुम्ही स्वतः कुठे जाता? पाहुण्यांना घेऊन नाही. वडिलांना घेऊन."

मोरिता-सान घुटमळले. "शिनसेकाई. पण ती जागा गेस्टसाठी नाही. लेडीजसाठी तर नाहीच."

"कोण जातं तिथे?"

"कामगार. रोजंदारीवरचे."

"माझे वडील गिरणीत होते," सुमनताई म्हणाल्या. "चला."

भुयारी रेल्वेने काही स्टेशनं, मग एक अंधारा पूल, आणि एकदम समोर दिव्यांनी लखलखलेला मनोरा. त्याच्या पायाशी अरुंद गल्ल्या, तळणीचा वास, पटावर सोंगट्या आपटल्याचे आवाज, रबरी बूट घातलेली माणसं. सुमनताईंचा चेहरा बदलायला लागला. "इथे कुणी मला काही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या, "सगळं पहिल्यांदा!" प्रत्येक दुकानात डोकावत, प्रत्येक वासाला थांबत त्यांनी अखेर एक जागा निवडली. लांब लाकडी काउंटर, गर्दी. आत आम्हाला बघून कुणी हात वर केला नाही. मानेला टॉवेल गुंडाळलेला एक कामगार आपलं स्टूल सरकवून म्हणाला, बसा.

काउंटरवर स्टीलचं चौकोनी भांडं होतं, काळसर पातळ सॉसने भरलेलं. समोर काड्यांना टोचून तळलेल्या गोष्टी येऊ लागल्या. कमळकाकडी, कांदा, अंडं, मांस. मोरिता-सान म्हणाले, "सॉसमध्ये एकदाच बुडवायचं. चावल्यावर परत नाही."

"का?"

"भांडं सगळ्यांचं एकच असतं."

"सगळ्यांचं? म्हणजे यांचं, माझं, व्हिटलॉकसाहेबांचं?"

"सगळ्यांचं."

सुमनताईंनी त्या भांड्याकडे पाहिलं. कामगाराला वाटलं, त्यांचा हात पोचत नाहीये. त्याने भांडं त्यांच्या पुढ्यात सरकवलं. त्यांनी कमळकाकडी बुडवली, खाल्ली, आणि डोळ्यांत पाणी आलेलं असताना मला म्हणाल्या, "मीनल, बुडव."

मी त्यांच्या पाठोपाठ बुडवली.

मग जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. सुमनताई खात होत्या, बोलत होत्या, हातवारे करत होत्या. व्हिटलॉकनी गप्पांच्या नादात चावलेली काडी परत भांड्याकडे नेली, तसा अख्खा काउंटर ओरडला, आणि सुमनताईंनी डायरेक्टरच्या मनगटावर फटकन चापट मारली. "वन्स, मिस्टर व्हिटलॉक! वन्स!" लोकांनी टेबलं बडवली. व्हिटलॉक इतके हसले की त्यांना ठसका लागला. टॉवेलवाल्या कामगाराने विचारलं, बाई कुठल्या? मोरिता-साननी इंडिया सांगितल्यावर तो म्हणाला, "ओ-शाका-सामा!"

"ओसाका नाही, नागपूर," सुमनताई म्हणाल्या.

मोरिता-सान पोट धरून हसायला लागले. "ओ-शाका-सामा म्हणजे बुद्ध! तो म्हणतोय, तुम्ही बुद्धाच्या देशातून आलात."

सुमनताई स्टुलावरून उतरल्या. त्या माणसासमोर हात जोडून म्हणाल्या, "नमो बुद्धाय." त्यानेही टॉवेल काढून हात जोडले. तेलाच्या धुरात दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिली, आधी कोण थांबणार ते ठरेना.

परतल्यावर सुमनताईंनी जुनी कार्डं फेकली नाहीत. पण तपासणीत एक नवा प्रश्न आला: "दार उघडलं तेव्हा पुढे कोण उभं होतं?" इंग्रज इंजिनियर या प्रश्नाने गोंधळायचे. सुमनताई उत्तर मिळेपर्यंत थांबायच्या. आमच्यासारख्यांना आधी शिनसेकाई सांगायच्या, आणि सोबत स्पष्ट सांगायच्या की काही दारं लागतील, तिथे वाद घालत संध्याकाळ घालवू नका, पण परत येऊन मला मात्र सांगा. व्हिटलॉकनी डेस्क बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही. चारेक वर्षांनी वरूनच ऑर्डर आली आणि काम एजन्सीकडे गेलं, तेव्हा ते सांगायला स्वतः तळमजल्यावर उतरले आणि बराच वेळ तिथे बसले. सुमनताई लेस्टरला मुलीजवळ राहायला गेल्या. मी मिल्टन कीन्सला नोकरी धरली. फोन व्हायचे, मग कमी झाले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते हीथ्रोवर, सत्त्याण्णवच्या शरदात. मी नवऱ्याला सोडायला गेले होते. चेक-इनच्या रांगेत आठ-दहा बायकांचा घोळका दिसला, पांढऱ्या साड्या, वर जाड कोट, पायांत ट्रेनर्सचे बूट. मधोमध सुमनताई सगळ्यांचे पासपोर्ट पत्त्यांसारखे धरून उभ्या. लेस्टरच्या मंडळातल्या बायकांना त्या जपानमधल्या बुद्धविहारांच्या यात्रेला नेत होत्या.

"पाच दिवस मंदिरं," त्या मला मिठी मारून म्हणाल्या, "आणि दोन संध्याकाळी ओसाका. भंतेजी म्हणाले, संध्याकाळी कशाला? मी म्हटलं, भंतेजी, ते माझ्यावर सोडा."

त्यांच्या दंडाला धरून एक खूप म्हातारी बाई उभी होती. चेहरा सुमनताईंसारखाच, पण वाळलेला, उन्हाने काळवंडलेला. "ही माझी मोठी बहीण, कौसल्या. नागपूरहून आलीय. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली आणि आता दुसऱ्यांदा बसतेय."

कौसल्याबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि मग बहिणीला विचारलं, "सुमन, तिथं दिवस बुडल्यावर बाया रस्त्यानं फिरतेत का वं?"

"फिरतात, अक्का."

"अन् कोनत्या रस्त्यानं जा लागते?"

सुमनताईंनी पासपोर्ट कोटाच्या खिशात टाकले आणि दोन्ही हातांनी बहिणीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "तू सांगशील त्या," त्या म्हणाल्या, आणि रांग पुढे सरकली.